पूर्ण बरं होण्याची वाट किती पाहायची?

आज बोलूया मोठ्या आजारानंतर पुन्हा कामावर जाण्याबद्दल. अर्धांगवायूचा झटका, अपघात, कॅन्सरची शस्त्रक्रिया, यातून बाई सुखरूप घरी येते. घरचे मायेनंच म्हणतात, "आधी पूर्ण बरी हो, मग बघू कामाचं." महिने जातात. जागेवर दुसरं कुणी येतं, गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं, आणि तिलाही वाटू लागतं, आता आपल्याच्यानं होणार नाही.

आम्ही व्यवसायोपचार करणाऱ्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आमचं सांगणं असं, की डॉक्टरांनी परवानगी दिली की जमेल तेवढ्यानं सुरुवात करा. शरीर सुधारत राहील, तोवर काम शरीराला जुळवून घेऊ. हे शास्त्र आपल्याकडे नवं नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली याची शाळा सुरू केली.

एक उदाहरण घेऊ. समजा, घरी शिवणकाम करणाऱ्या बाईला झटका आला आणि डाव्या हातापायाची ताकद कमी झाली. ती म्हणते, "शिवणकाम गेलं." आम्ही म्हणतो, शिवणकाम म्हणजे एक काम नव्हे. माप घेणं, कापड बेतणं, कापणं, सुईत दोरा ओवणं, पाय मारणं, कापड सरकवणं, काजं-बटणं, इस्त्री. एकेक करून बघूया. माप सांगून लिहून घेता येतं. जमिनीवर बसून बेतण्याऐवजी कमरेइतक्या उंच टेबलावर बेतता येतं, आणि डाव्या हाताऐवजी कापडावर वजन ठेवता येतं. पाय चालत नसेल तर मशीनला मोटार बसते. तिचं पायाखालचं बटण उजव्या पायाखाली घ्यायचं. डाव्या हातानं कापड नुसतं दाबून धरायचं, हाही त्याचा व्यायामच. इस्त्री मात्र जपून. हाताला गरम-गार कळत नसेल तर चटका बसलेलाही कळत नाही. ते काम काही दिवस दुसऱ्याकडे द्या.

सुरुवात पिशव्या, उशीचे अभ्रे अशा सरळ शिवणीनं करायची. रोज अर्धा तास. आठवडाभर ते झेपलं तर वेळ वाढवायची. ब्लाउजची ऑर्डर नंतर.

आता एक गोष्ट, जी बायकांच्या बाबतीत हमखास होते. कामावर जायला "अजून अशक्त आहेस" म्हणणाऱ्या घरात पोळ्या, धुणंभांडी मात्र तिच्याकडे कधीच परत आलेली असतात! सकाळच्या स्वयंपाकातच अंगातली ताकद संपते आणि दुपारी मशीनवर बसवत नाही. मग सगळे म्हणतात, बघा, हिला काम झेपत नाही. म्हणून आम्ही आधी सबंध दिवस लिहून काढायला सांगतो. उठल्यापासून काय काय केलं, कशानं किती थकवा आला. तो कागद घरच्यांसमोर ठेवून विचारायचं, यातलं कोण काय उचलणार? कामावर परतायची खरी तयारी बऱ्याचदा इथूनच सुरू होते.

नोकरी करणाऱ्यांची अडचण पुष्कळदा वरून दिसत नाही. हातपाय ठीक असतात, पण लक्ष टिकत नाही, सांगितलेलं विसरायला होतं, दुपारनंतर डोकं चालत नाही. हा आळस नव्हे, झटक्यानंतर किंवा डोक्याला मार लागल्यावर असं होतं. अवघड काम सकाळी, मध्ये ठरवून विश्रांती, सगळं वहीत लिहून ठेवणं आणि एका वेळी एकच काम, यानं फरक पडतो. साहेबांकडे जाताना "मला जमेल का" असं विचारू नका. लिहून न्या: पहिले दोन आठवडे अर्धा दिवस, बसायची जागा तळमजल्यावर, वजन उचलायचं काम नको. नेमकं मागितलं की देणाऱ्यालाही सोपं जातं.

आणि कायदाही माहीत असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६, कलम २०. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर त्या कारणानं कामावरून काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. आधीचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. म्हणून घाईनं, कुणाच्या सांगण्यावरून राजीनाम्यावर सही करू नका.

मुंबईत केईएम, नायर आणि सायन रुग्णालयात, नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व्यवसायोपचाराचा विभाग आहे. इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. जाताना आपलं काम नीट सांगायची तयारी ठेवा: किती वेळ उभं राहावं लागतं, काय उचलावं लागतं, प्रवास कसा होतो. शक्य असेल तर कामाच्या जागेचा फोटो न्या, हत्यार सोबत न्या. विळी असो, कात्री असो, की खुरपं असो. तुमचा हात त्याच्यावर कसा बसतो, हे पाहूनच आम्हाला पुढचं सांगता येतं.