लिहिणाऱ्याचं जगणं
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



'लेखकाचं जीवन' हा विषय मिळाला तेव्हा आम्ही जरा बिचकलो. आम्ही लेखक कसले? दिवसा सरकारी फायली आणि रात्री जेवणं आटोपली की वहीची दोन पानं. पण आपल्या इंदूरात असे नोकरी सांभाळून मराठीत लिहिणारे बरेच आहेत. त्यांच्या वतीने चार शब्द बोलतो.

"पुस्तक कधी काढताय?" असं लोक विचारतात. तेव्हा आम्हाला मुक्तिबोध आठवतात. १९१७ साली ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरला मराठी घरात जन्मलेले गजानन माधव हिंदीत लिहीत राहिले. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत. गजाननरावांनी मास्तरकी केली, पत्रकारिता केली, राजनांदगावला कॉलेजात शिकवलं. १९४३च्या 'तार सप्तक'मध्ये त्यांच्या कविता आल्या, पण स्वतःचा कवितासंग्रह निघाला तो १९६४ साली, ते गेल्यावर. म्हणून काय आधीची वीस वर्षं ते लेखक नव्हते?

मग लेखक कशाने होतो? आमच्या घरचीच गोष्ट सांगतो.

ऑफिसात आम्ही हिंदीत नोटशीट लिहितो. उद्या कुणी बोट दाखवू नये, असं वाक्य तिथे लिहावं लागतं. ही सवय घरीही सुटत नाही. मागे वडिलांवर एक लेख लिहिला आणि मुलीला वाचायला दिला. ती हिंदी शाळेत शिकलेली, 'ळ' आला की अडखळते. तरी शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाली, "बाबा, आजोबा इतके शांत होते? आजी तर सांगते, रागात ताट भिरकावायचे."

आम्ही गप्प झालो. आमचा लेखही नोटशीटच झाला होता.

पुन्हा लिहायला बसलो. महिना गेला. आता त्यात भिरकावलेलं ताट आलं, आणि दुसऱ्या दिवशी न बोलता आईसाठी कचोरी घेऊन येणारे वडीलही आले. आईला वाचून दाखवला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "छापू नकोस. पण फाडूही नकोस."

लेख अजून वहीतच आहे. आज एवढं सांगितलं, तेही तिला विचारूनच.

व्यासांनी महाभारत सांगितलं आणि आपल्या बाप्पाने ते लिहून घेतलं. व्यासांची अट होती, अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही. आम्ही फार मोठे नाही, पण ती अट पाळायचा प्रयत्न करतो. छापून येवो न येवो, आमच्यापुरतं लेखकाचं जगणं ते एवढंच.

गणपती बाप्पा मोरया!