पाऊस, भात आणि हिशेबाबाहेरचे नुकसान



हवामानबदलाची चर्चा बहुधा वितळणाऱ्या हिमनद्यांपासून सुरू होते. येळ्ळूरमध्ये ती भाताच्या शेतापासून सुरू होणे अधिक उचित ठरेल. राजहंसगडाच्या पायथ्याचे हे शिवार सुवासिक बासमती भातासाठी नावाजलेले आहे. भाताची कापणी झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर मसूर घ्यावा, ही येथील जुनी रीत. म्हणजे शेतकऱ्याचे दोन्ही हंगाम एकाच पावसावर अवलंबून आहेत.

त्या पावसाचे वेळापत्रक आता विस्कटत आहे. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते; साहजिकच पडणारा पाऊस अधिक जोराने कोसळतो. मध्य भारतात 1950 ते 2015 या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचे शास्त्रज्ञांनी 2017 साली दाखवून दिले. ऑगस्ट 2019 मध्ये बेळगाव जिल्ह्याने महापूर अनुभवला. निपाणीजवळ यमगर्णी येथे राष्ट्रीय महामार्गही पाण्याखाली गेला. पुढे चारच वर्षांनी, 2023 साली, कर्नाटकातील 236 पैकी 223 तालुके दुष्काळग्रस्त ठरले. पूर आणि अवर्षण ही एकाच विस्कळीतपणाची दोन रूपे होत.

येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारांत बळ्ळारी नाल्याचे पाणी पसरते, यात नाल्यातील गाळाचा आणि अतिक्रमणांचाही वाटा आहे. सारा दोष आकाशाला देता येणार नाही. मात्र नुकसानीचा पंचनामा होतो तो बुडालेल्या क्षेत्राचा. दुबार लावणीचे बियाणे, चिखलणीचा दुसरा खर्च, लावणी करणाऱ्या बायकांचा बुडालेला रोजगार, उशिरा निघालेल्या भातामुळे हुकलेला मसूर, यांना त्या कागदात रकाना नसतो. जमीन कसणाऱ्या वाटेकऱ्याचे नाव उताऱ्यावर नसेल, तर भरपाईही त्याच्या हाती पडत नाही. कर्ज मात्र त्याच्याच डोक्यावर राहते.

काही नुकसान तर डोळ्यांना दिसतही नाही. रात्रीचे किमान तापमान एका अंशाने वाढल्यास भाताचे उत्पादन सुमारे 10 टक्क्यांनी घटते, असे फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतील प्रयोगांतून 2004 साली आढळले. दाणा भरताना थंडावा न मिळाल्यास सुवासही उणावतो. आणि सुवास गेला की बासमतीचा भावही गेला.

निकोलस स्टर्न यांच्या 2006 च्या अहवालाने जगापुढे साधा हिशेब मांडला होता: वेळीच उपाय केल्यास वार्षिक खर्च जागतिक उत्पन्नाच्या सुमारे 1 टक्का, न केल्यास हानी किमान 5 टक्के. हा हिशेब गावालाही लागू पडतो. पावसापूर्वी नाल्यातील गाळ काढणे हे वर्षानुवर्षे भरपाई वाटण्यापेक्षा स्वस्त आहे.

यात ग्रंथालयाचे काम कोणते? शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या संस्थेने आता शिवाराच्या नोंदीही जपाव्यात. पहिला पाऊस कधी झाला, लावणी कधी उरकली, दुबार किती शेतांत करावी लागली, मसूर कोणाचा हुकला, हे दरवर्षी एका वहीत लिहिले जावे. ज्या नुकसानीची नोंद नाही, त्याची भरपाई कोणी मागू शकत नाही. अशी वही हाताशी असेल, तर पुढच्या पिढीला आपले गाऱ्हाणे पुराव्यानिशी मांडता येईल.