कपड्यालत्त्याला वर्षाकाठी किती?



खताला किती लागलं, फवारणीला किती गेलं, मजुरी काय पडली, हे विचारलं तर शिंदखेडा तालुक्यातला कुठलाही शेतकरी बोटावर मोजून सांगतो. कापूस वेचणीचा किलोमागचा दर तर लहान पोरंही सांगतात. पण घरच्या कपड्यालत्त्याला वर्षाकाठी किती पैसा लागतो? हा प्रश्न मी दोंडाईचा, चिमठाणे, बेटावद, नरडाणा या भागातल्या बऱ्याच मंडळींना विचारला. उत्तर ठरलेलं. "जात असतील पाच-सहा हजार." कोणी म्हणालं, "त्याचा काय हिशेब ठेवायचा? लागलं तसं घेतो." एका आजोबांनी तर हातच झटकले. म्हणाले, "कपडास्ले कितला लागतस, माले काय माहीत! आंडोरले इचारा."

याचं कारण असं की हा खर्च एकदम होत नाही. जूनमध्ये पोरांच्या शाळेला थोडा, पोळ्याला थोडा, दिवाळीला जास्त, आखाजीला लेक माहेरी येते तेव्हा, आणि लग्नसराईत तर रोजच. शंभर-दोनशे, पाचशे-हजार असं सुटं सुटं जातं, म्हणून ते डोळ्यांत भरत नाही.

आपल्या तालुक्यातल्या एका कुटुंबानं माझ्या सांगण्यावरून २०२४ च्या गुढीपाडव्यापासून २०२५ च्या पाडव्यापर्यंत हा हिशेब लिहून ठेवला. घरात पाच माणसं : नवरा-बायको, म्हातारी आई, आयटीआयला जाणारा मुलगा आणि नववीतली मुलगी. सहा एकर कोरडवाहू जमीन, त्यात चार एकर कापूस, बाकी बाजरी आणि मूग. लिहायचं काम मुलीकडे दिलं होतं. तिनं ते चोख केलं. चपलेचा अंगठा शिवला त्याचे दहा रुपयेसुद्धा तिनं सोडले नाहीत.

वर्षाच्या सुरुवातीला घरधन्याचा अंदाज होता आठ-दहा हजारांचा. आता वहीत काय निघालं ते ऐका. घरधन्याचे कपडे २,४०० रुपये. बायकोच्या साड्या, परकर, ब्लाउजची शिलाई मिळून २,९००. आईची दोन लुगडी नि चप्पल १,६००. मुलगा ४,३००, त्यात बूटच हजाराच्या घरात. मुलगी ३,१००. पांघरुणं, चादरी, टॉवेल १,२००. झाले १५,५०० रुपये.

हा खर्च फार आहे का? मला तसं वाटत नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरखर्च पाहणीत देशातल्या ग्रामीण माणसाचा सरासरी महिन्याचा खर्च ४,१२२ रुपये निघाला. त्यातला शेकडा ६.६३ हिस्सा कपडे, अंथरूण-पांघरूण आणि पायताण यांचा. म्हणजे माणशी महिन्याला २७३ रुपये, आणि पाच जणांच्या घराला वर्षाला साधारण १६,४०० रुपये. आपलं हे कुटुंब त्याच्या आतच आहे. तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. पीएम किसानचे ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० मिळून वर्षाला १२,००० रुपये खात्यात येतात. ते सगळे कपड्याला लावले तरी पुरे पडत नाहीत.

पण वही इथं संपत नाही. मुलीनं मागच्या पानापासून दुसरा हिशेब लिहिला होता. त्यावर मथळा होता "दिलेले". वर्षभरात लग्नं चौदा. त्यांत आहेराच्या साड्या अठरा, सरासरी तीनशेची एक, म्हणजे ५,४०० रुपये. टॉवेल-टोप्या १,९००. आणि भाचीच्या लग्नात मामा म्हणून केलेला कपड्यांचा आहेर ६,५००. एकूण १३,८००. अंगावरचे १५,५०० आणि दिलेले १३,८००, मिळून २९,३०० रुपये. घरधनी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसले. मग म्हणाले, "पोरीनं बेरीज चुकवली असेल." बेरीज बरोबर होती.

हा आकडा शेतात नेऊन मोजू. त्या वर्षी त्यांना चार एकरांत सोळा क्विंटल कापूस झाला. व्यापाऱ्याकडे क्विंटलला ७,००० रुपयांच्या आसपास भाव मिळाला. २९,३०० म्हणजे चार क्विंटलांहून थोडा जास्तच कापूस. एका एकराची नांगरट, बियाणं, खत, निंदणी, फवारणी, वेचणी सगळं केलं आणि ते पीक कपड्यात गेलं. खर्च वजा न करताच ही गत.

आता आहेराच्या दुसऱ्या बाजूचं पाहू. त्याच वर्षी या घराला साड्या आल्या बावीस. वहिनींनी पेटी उघडून दाखवली. त्यांतल्या चार त्या नेसल्या. बाकीच्या घडी न मोडता तशाच. दोन साड्यांच्या पदरावर तर आधीच्या देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी टाचणीनं तशीच लावलेली होती. आपण दिलेली साडी तीन घरं फिरून पुन्हा आपल्याच दारात येते, हे बायकांना चांगलं ठाऊक असतं. मी म्हटलं, "मग वहिनी, देताच कशाला?" त्या म्हणाल्या, "भाऊ, साडी दिधी नही ते लोक नावं ठेवतस." यात त्यांचं चुकत नाही. आहेर बंद करा असं व्यासपीठावरून सांगणं सोपं आहे. उद्या भाऊबंदांत तोंड त्यांना दाखवायचं असतं.

या खर्चाची खरी अडचण रकमेपेक्षा वेळेची आहे. आपल्याकडे लग्नसराई एप्रिल-मेमध्ये. त्याच वेळी आखाजी. आणि जूनमध्ये पेरणी. कापसाचे पैसे तोवर संपलेले असतात. या कुटुंबानं भाचीच्या लग्नासाठी बचत गटातून दहा हजार उचलले आणि काही साड्या दुकानातून उधारीवर आणल्या. रोखीनं साडेतीनशेला मिळणारी साडी उधारीत चारशेवीसला लागली. पुढे जून आला. कपाशीच्या बीजी-२ बियाण्याच्या पाकिटाचा त्या हंगामातला कमाल दर ८६४ रुपये होता. चार एकरांना आठ पाकिटं. ती उधारीवर घ्यावी लागली, वर खतही. मग उधारी देणाऱ्याचा तगादा सुरू झाला, म्हणून पहिली वेचणी ओली-सुकी न पाहता दारावरच्या खेडा खरेदीत काढावी लागली. लांब धाग्याच्या कापसाचा त्या वर्षीचा हमीभाव ७,५२१ होता. पण सीसीआयच्या केंद्रावर न्यायचा तर ओलावा शेकडा बारापेक्षा कमी हवा, माल वाळवायला आठवडा हवा, आणि पैशालाही थोडं थांबायला हवं. उधारीवाला थांबायला तयार नव्हता. अशा रीतीनं मे महिन्यातल्या साडीनं नोव्हेंबरातला कापसाचा भाव पाडला.

दुकानात कापड घेताना एक हिशेब मनात ठेवावा. सुती शर्टाला अडीचशे-तीनशे ग्रॅम कापड लागतं. घट धरून तितक्या सुताला जवळजवळ नऊशे ग्रॅम कापूस पुरतो, कारण क्विंटलभर कापसातून रुई निघते ३४ किलोच्या आसपास, बाकी सरकी. म्हणजे सहाशेच्या शर्टात आपला कापूस फार तर साठ-पासष्ट रुपयांचा, आणि त्यातली सरकीही तेलासाठी वेगळी विकली जाते. एकेकाळी खानदेशचा कापूस जळगाव, अमळनेर, धुळ्याच्या गिरण्यांत जाऊन कापड होऊन परत यायचा. आता आपल्या घरात येणारं बरंचसं कापड सुरतेचं आणि पॉलिस्टरचं असतं. शिंदखेडा, दोंडाईचा, नरडाणा सुरतेच्याच रेल्वे लाइनवर. आपल्याकडची कितीतरी पोरं उधना-लिंबायतला मागावर कामाला आहेत. दिवाळीला येताना ती गठ्ठ्यानं साड्या आणतात. स्वस्त पडतात हे खरं. पण कापूस पिकवणाऱ्याच्या घरात सुती कपडा शोधावा लागतो, हे मला थोडं खटकतं. त्या घरच्या आजी म्हणाल्या, "वरीसमा दोन लुगडा. बस. फाटलं का गोधडी." पॉलिस्टरच्या साडीची गोधडी होत नाही, घसरते आणि ऊबही देत नाही. म्हणून मग ब्लँकेट विकत आणावं लागतं. तोही खर्च कपड्याचाच.

सुती आहे की नाही याची शंका आली तर कापडाच्या काठाचे दोन-तीन धागे ओढून काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, राख मऊ पडते. पॉलिस्टरचा धागा वितळून त्याची कडक गोळी होते. चुलीपाशी काम करणाऱ्या बाईच्या अंगाला तेच वितळून चिकटतं. म्हणून स्वयंपाकाला आणि उन्हातल्या कामाला सुतीच बरं. मळणी यंत्रापाशी कपडा कोणताही असो, पदर खोचलेला आणि ओढणी काढून ठेवलेली हवी.

काटकसर करू नये अशी एक जागा मात्र आहे. फवारणीचा वेगळा जोड. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, पूर्ण पँट, डोक्याला टोपी-रुमाल, तोंडाला मास्क, हातमोजे आणि बूट, एवढं फवारणीसाठी बाजूला ठेवा. फवारणी झाली की अंघोळ करून कपडे बदला. ते घरच्या धुण्यात मिसळू नका. साबण लावून वेगळ्या पाण्यात धुवा, उन्हात वाळवा आणि विहिरीवर किंवा नदीकाठी धुवू नका. औषधानं चिंब झालेला कपडा पुन्हा घालू नये. या जोडाला हजार-बाराशे लागले तरी तो खर्च औषधाच्या बाटलीतच धरावा. मजुरासाठीही असा एक जोड ठेवावा.

त्या कुटुंबानं पुढच्या वर्षी काय केलं ते सांगतो. भाऊबंदांतली पाच घरं दोंडाईच्याला एका साखरपुड्यात एकत्र आली होती. तिथं बायकांनीच ठरवलं की आपसात साडी द्यायची-घ्यायची नाही. नवरीला सगळ्यांनी मिळून एक भांडं किंवा रोख रक्कम द्यायची. पुरुषांनी टॉवेल-टोपी सोडली. पहिल्या लग्नात एक काका रुसून पंगतीतून उठले, त्यांना समजावून बसवावं लागलं. दुसऱ्या लग्नात कुणी बोललं नाही. मामाचा आहेर तेवढा ठेवला, कारण तो सोडायला कुणी तयार नव्हतं, आणि मीही आग्रह धरला नाही.

मुलगी आता दहावीत आहे. तिची वही चालूच आहे. आपल्या घरी सुरू करायची असेल तर कृषी केंद्रातून मिळालेली जुनी डायरी पुरते. पुढून अंगावरचे लिहा, मागून दिलेले. साड्या आल्या तर त्याही टिपा, कुणाकडून आल्या ते सुद्धा. पेटी आखाजीच्या आधी एकदा उघडून पाहावी, नंतर नव्हे.