नवी गाणी, नवे गायक आणि आमच्या गटाचं मत



आम्ही रेडिओवर बोलायला आलो की विषय ठरलेला असतो. हप्ता, व्याज, बँकेचं खातं, नाहीतर शेळीचा विमा. आज त्यातलं काहीच नाही. आज गाण्यांवर बोलायचंय. कुणी म्हणेल, बचत गटाच्या बायांना गाण्यांचं काय पडलंय? का पडू नये? भाकरी थापताना, कांदा निवडताना, शिलाई मशिनवर बसल्यावर दिवसभर कानावर येतात ती गाणीच. पोरं म्हणतात हे भारी, ते बेकार. बाप्ये वरातीत डीजेवाल्याला सांगतात, हे लाव, ते लाव. बायांना मात्र कुणी विचारत नाही, तुम्हाला काय आवडतं म्हणून. त्यामुळे आमच्याकडे मासिक बैठकीत वसुली झाली, इतिवृत्तावर सह्या-अंगठे झाले की शेवटची दहा मिनिटं गाण्याची. एकीनं आपल्या आवडीचं गाणं मोबाईलवर लावायचं आणि बाकीच्यांनी मत द्यायचं. कधी कधी कर्जाच्या अर्जावर झाली नसेल एवढी भांडणं त्या दहा मिनिटांत होतात.

गुलाबी साडीपासून सुरुवात केली नाही तर आमच्या बाया आम्हाला घरी येऊ द्यायच्या नाहीत. २०२४ सालात हे गाणं आलं आणि गावात एक हळद त्याच्याशिवाय झाली नाही. गाणारा आणि लिहिणारा संजू राठोड, जळगाव जिल्ह्यातल्या तांड्यावरचा, बंजारा समाजातला मुलगा. संगीताला त्याच्या जोडीला जी-स्पार्क. मुंबईचा मोठा स्टुडिओ नाही, पिक्चर नाही, हिरो नाही, आणि तरी गाणं पार परदेशात जाऊन पोचलं. तांड्यावरच्या आमच्या भगिनींना याचा केवढा अभिमान आहे ते त्यांच्याच तोंडून ऐकावं.

पण ते गाणं बायांना का आवडलं? ठेका आहेच, पाय आपोआप हलतात. आमच्या गटातल्या एका काकूंनी मात्र वेगळ्याच जागी बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, "यातली बाई नटते आणि आपल्या तोंडानं सांगते, माझा फोटो काढ. आपण कधी सांगितलं का गं?" सगळ्या गप्प झाल्या. मग आम्ही मोजायलाच बसलो, कुणाचे किती फोटो आहेत. लग्नातला एक, त्यातही मान खाली. आधार कार्डावरचा एक, तो स्वतःलाच ओळखू येत नाही. बँकेच्या पासबुकावरचा एक. पन्नाशीच्या बाईचे एवढेच फोटो! त्या बैठकीनंतर एकमेकींचे फोटो काढले, गुलाबी साडी असो नसो.

आता तक्रार. संजू राठोडची गाणी नावानं आठवा. आधी 'नऊवारी', मग 'गुलाबी साडी', मग 'काळी बिंदी'. भाऊ, साडी झाली, टिकली झाली, आता कपाटातून बाहेर ये की! २०२५ मध्ये त्याचं 'शेकी' आलं. ठेका झकास, पोरींनी घर डोक्यावर घेतलं, पण दुसऱ्या दिवशी एक शब्द आठवत नव्हता. गुलाबी साडी अजून पाठ आहे. ज्याच्यात एवढी ताकद आहे त्यानं आता बाईच्या अंगावरचं सोडून बाईच्या मनातलं एखादं गाणं करावं, असं आमचं स्पष्ट मत. त्याच्यावर जीव आहे म्हणून बोलतो.

दुसरं गाणं 'तांबडी चामडी'. हेही २०२४ चंच. क्रेटेक्स आणि श्रेयस या दोघांचं. नेदरलँड्स देशातल्या स्पिनिन रेकॉर्ड्स नावाच्या कंपनीनं ते काढलं. शहरातल्या क्लबात वाजतं तसलं संगीत आहे, हाऊस म्हणतात त्याला. पहिल्यांदा लावलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, "गाणं आहे का पिठाची गिरणी?" खोटं नाही, ठोका गिरणीसारखाच आहे, एकसारखा, थांबत नाही. पण शब्द ऐका. उन्हात चमकणाऱ्या तांबड्या कातडीचं कौतुक आहे त्यात.

आपल्या लहानपणापासूनची गाणी आठवा. गोरी, गोरी आणि गोरी. गाण्यातली नायिका गोरी, जाहिरातीतली गोरी, स्थळ बघायला आलेल्या पाहुण्यांनाही गोरीच पाहिजे. रोज उन्हात खुरपणी करायची आमच्या पोरींनी आणि रंग विचारायचा यांनी. आमच्या गटातल्या एकीच्या मुलीला दोन ठिकाणी "मुलगी सावळी आहे" म्हणून नकार आला. ती मुलगी बारावीला तालुक्यात चांगल्या मार्कांनी पास झालेली. त्या घरात हे गाणं लागलं तेव्हा ती आरशासमोर नाचली, असं तिच्या आईनं सांगितलं. गाण्यानं काही स्थळ जमत नाही, ते आम्हालाही कळतं. पण त्या दिवशी तिनं दुकानातून आणलेली गोरं करायची क्रीम उघडली नाही. ती क्रीम आमच्याच गटातल्या एकीच्या दुकानातली, त्यामुळे दुकानवाल्या ताईंचं या गाण्याबद्दलचं मत वेगळं आहे, तेही नोंदवून ठेवतो.

पिक्चरच्या गाण्यांत दोन नावं बैठकीत पुन्हा पुन्हा आली. एक 'चंद्रा', २०२२ च्या 'चंद्रमुखी'मधलं, संगीत अजय-अतुल, आवाज श्रेया घोषाल. अस्सल लावणीचा बाज. नगर जिल्ह्यातल्या एका शाळकरी मुलानं ते म्हटलं, त्याचा व्हिडिओ गावोगाव फिरला आणि पुढे त्याच अजय-अतुल यांनी त्याला 'महाराष्ट्र शाहीर'मध्ये गायला बोलावलं. शाळेच्या बाकावरून पिक्चरपर्यंत! हे ऐकल्यापासून आमच्याकडच्या अर्ध्या आया पोरांना गाणं म्हणायला लावून शूटिंग करत बसल्यात. पोरांच्या गळ्याची दया येते.

दुसरं 'बहरला हा मधुमास', २०२३ चं, 'महाराष्ट्र शाहीर' याच पिक्चरमधलं. अजय गोगावले आणि श्रेया घोषाल यांनी गायलेलं. आमच्या गटानं हात वर करून मतदान केलं तेव्हा हेच पहिलं आलं. याचं कारण सरळ आहे. नाच सोपा. गुडघे दुखणाऱ्या बाईलाही जमतो, कमरेत वाकायला लागत नाही, आणि तरी बघायला देखणा. ज्यानं तो नाच बसवला त्याला आमच्यातर्फे शेरभर लाडू.

याच गाण्यावर आमच्याकडे एक गोष्ट घडली, ती सांगायची की नाही यावर गटात चर्चा झाली. जिची गोष्ट आहे तिनंच सांगा म्हटलं, म्हणून सांगतो, नाव मात्र नाही. आमच्यातल्या एका ताईंचे मालक चार वर्षांपूर्वी गेले. ताई पस्तिशीच्या. गटाचा हिशोब त्याच लिहितात. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या घरी हळद होती. हळद लावायला विधवा बाईनं पुढं यायचं नाही, ही रीत तुम्हाला माहीत आहे. त्या मागं भांडी घासत होत्या. अंगणात 'बहरला हा मधुमास' लागलं. नवरदेवाची आई गटातलीच. ती मागं गेली, ताईंचा राखेनं भरलेला हात धरला आणि तसंच ओढत अंगणात आणलं. ताई नाचल्या. छान नाचल्या. आम्हाला चार वर्षांत ठाऊक नव्हतं की यांना नाचता येतं.

दुसऱ्या दिवशी गावात कुजबुज सुरू झाली. दिरानं त्यांना दोन बैठकांना येऊ दिलं नाही. हिशोबाची वही आम्ही त्यांच्या घरी नेऊन दिली, लिहून घेतली, परत आणली. तिसऱ्या बैठकीला त्या स्वतः आल्या. दीर काही सुधारला नाही, फक्त बोलायचा थांबला.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. पुढे सरकारनंही बाकीच्या गावांना तसं आवाहन केलं. आमच्या गावात तसा ठराव अजून नाही. ग्रामसंघातून अर्ज तयार आहे, येत्या ग्रामसभेत ठेवणार आहोत. नाचायचं त्यात लिहावं का, असं एकीनं विचारलं. सरपंचबाई हसल्या. आम्ही मात्र हसलो नाही, कारण हळदीत नाचायला मिळणं ही लहान गोष्ट वाटते ती ज्यांना मिळतं त्यांनाच.

आता जरा वेगळ्या बायांकडे वळू. माही जी म्हणून एक मुलगी रॅप करते. तिचं नाव मधुरा घाणे, महादेव कोळी समाजातली. रॅप म्हणजे तालावर भराभर बोलणं. आपल्या पोतराजाचं, वासुदेवाचं बोलणं तालावर असतं की नाही, तसंच काहीसं. 'जंगलचा राजा' हे तिचं गाणं आदिवासींवर आणि जंगलावर आहे. पहिल्यांदा लावलं तेव्हा अर्ध्या बाया म्हणाल्या, बाई भांडते कशाला? दुसऱ्यांदा शब्द लावून ऐकलं तेव्हा कळलं की भांडण कुणाशी आहे. या गाण्यातली बाई कुणाच्या नजरेसाठी नटलेली नाही, ती बोलतेय. आमच्या तरुण सुना तिच्यावर फिदा आहेत. आम्हाला विचाराल तर चाल अजून थोडी गोड असती तर बरं झालं असतं, पण सगळ्याच बायांनी गोड का बोलावं, असंही वाटतं.

आणि कडूबाई खरात. त्या काही वयानं नव्या नाहीत, पण मोबाईलमुळे आपल्यापर्यंत नव्यानं पोचल्या. हातात एकतारी आणि तोंडात भीमगीतं. ना मेकअप, ना नाचणाऱ्या पोरी, ना झगमगाट. आवाज असा की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी उठवत नाही.

हे सगळं सापडतं कसं, असं खूप जणी विचारतात. अडचण अशी की मोबाईल बहुतेक घरांत पोराचा नाहीतर मालकाचा. ते जे बघतात तसलंच पुढे पुढे येत राहतं. त्यांनी कुस्त्या बघितल्या की आपल्यालाही कुस्त्या. त्याला उपाय आहे. यूट्यूबवर वरच्या बाजूला शोधायची जागा असते, तिथे माईकचं चिन्ह असतं. ते दाबायचं आणि सरळ मराठीत बोलायचं, "कडूबाई खरात" किंवा "जात्यावरच्या ओव्या". लिहिता येत नसलं तरी चालतं.

जात्यावरच्या ओव्या मुद्दाम म्हटलं. हेमा राईरकर आणि गी पॉटव्हँ या दोघांनी गावोगाव फिरून बायांच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर भरल्या. पारी या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात, कुठल्या गावच्या कुठल्या बाईनं म्हटली त्या नावासकट. म्हणजे गाणी रचायचं काम आपल्याकडे आपल्याच आज्या करत होत्या. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, दळण्याचे कष्ट वाचले. ते बरंच झालं. पण रचणारी बाई ऐकणारी होऊन बसली.

तर कुणी नव्यानं ओवी, भारूड, रॅप, काहीही रचत असेल तर एक काम करा. ते वहीत तारीख घालून लिहा, खाली नाव लिहा आणि मोबाईलवर आपल्या आवाजात भरून ठेवा. आपण रचलेल्या गाण्यावर हक्क आपला असतो, त्यासाठी आधी कुठे नोंदणी करावीच लागते असं नाही. पण उद्या कुणी उचलून आपल्या नावावर खपवलं तर हातात काहीतरी असावं. शिकलेला पोरगा घरात असेल तर हे काम त्याच्याकडून करून घ्या. तेवढा तरी उपयोग व्हावा.

पुढच्या बैठकीत गाणं लावायची पाळी त्या हिशोब लिहिणाऱ्या ताईंची आहे. काय लावणार ते त्या सांगत नाहीत, नुसत्या हसतात. तुमच्या गटाला कुठलं गाणं आवडलं आणि कुठलं अजिबात नाही, ते रेडिओच्या ताईंना फोन करून कळवा. कारण सांगा, नुसतं छान आहे म्हणू नका. आता दूध घालायची वेळ झाली, डेअरीवाला थांबायचा नाही. येतो आम्ही.