मागे कोण चालतंय?

पावसाळा सरत आला की कंपन्यांच्या बसगाड्या लोणावळ्याकडे निघतात. माणसांना 'लीडरशिप' शिकवायची असते. रिसॉर्टच्या हिरवळीवर दोरखेच होते, भरपेट जेवण होतं, फोटो निघतात. अशा एका शिबिराला मीही गेलो होतो. दोरखेच साहेबांच्या गटाने जिंकली. न जिंकून सांगते कोणाला!

मुळात हा प्रकार इतका लुटुपुटीचा नव्हता. 1941 साली, ऐन महायुद्धात, वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही गावी कुर्ट हान या शिक्षकाने 'आउटवर्ड बाउंड' ही शाळा काढली. पाठबळ जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांचं. जहाज बुडाल्यावर तरणीताठी पोरं हाय खातात आणि मुरलेले खलाशी तग धरतात, हे होल्ट यांना खुपत होतं. उणीव ताकदीची नव्हतीच. मग पोरांना समुद्रावर, डोंगरात नेऊ लागले. पुढे 1965 मध्ये अमेरिकेत पॉल पेट्झोल्ट या गिर्यारोहकाने 'नोल्स' ही संस्था काढली. तिथल्या मोहिमांत रोज नवा म्होरक्या असतो.

ती युक्ती मी हरिश्चंद्रगडावर उचलली. कॉलेजची बारा मुलं, वाट खिरेश्वरची. त्या दिवशीचा लीडर वक्तृत्वाच्या ढाली मिळवलेला. टोलार खिंडीपर्यंत छान चाललं. कातळटप्पा चढून वर आलो आणि धुकं उतरलं. तिथून पुढच्या टेकड्या सगळ्या सारख्याच दिसतात, ढोरवाटा हमखास चकवतात. आमचा लीडर तरातरा पुढे. मागे एकीच्या बुटाचा तळ सुटून लोंबू लागला, त्याचा त्याला पत्ताच नाही.

मी गप्प राहिलो. शिबिर घेणाऱ्याला सगळ्यात अवघड जातं ते हेच. कोकणकड्याची धार जवळ असती, तर अर्थातच तोंड उघडलं असतं.

शेवटून चालणाऱ्या मुलीने शिट्टी फुंकली. दोन दिवसांत तिचा आवाज आम्ही जेमतेम ऐकला होता. सगळे थबकले. तिने सॅकमधली सुतळी काढली, बुटाला तीन वेढे देऊन गाठ मारली आणि त्या लंगडणाऱ्या मुलीला सर्वांत पुढे उभं केलं. "आता हिच्या चालीने." ना माझ्याकडे पाहिलं, ना लीडरकडे. तासाभरात देवळाचं शिखर दिसलं.

रात्री खिचडी खाली लागली होती, तरी पातेलं खरवडून संपलं. ढालीवाला गप्प गप्प होता. सकाळी उतरताना म्हणाला, "सर, आज मी शेवटी चालू?"

चालला. दर थांब्याला माणसं मोजत होता. खिंडीत अकराच भरली, तसा चेहरा पांढराफटक पडला. पुन्हा मोजलं, पुन्हा अकराच. स्वतःला मोजायचं राहिलं होतं.