हजार नावे, एक नियम



गावोगावची जुनी ग्रंथालये आता आपले दिवाळी अंक, हस्तलिखिते, सभांची इतिवृत्ते स्कॅन करून ठेवू लागली आहेत. हे फार मोलाचे काम आहे. पण स्कॅनर पानांना नावे देतो ती ‘स्कॅन १’, ‘स्कॅन २’ अशी. कोणता अंक, कोणते वर्ष, काही कळत नाही. शिवाय कित्येक प्रोग्रॅम नावे अक्षरक्रमाने लावतात, तेव्हा ‘स्कॅन १०’ हे पान ‘स्कॅन २’च्या आधी येऊन बसते. अशी हजारो नावे एकेक करून बदलायला बसलेला कार्यकर्ता दमतो, आणि दमलेला माणूस चुकतो.

हेच काम कमांड लाइनवर, म्हणजे संगणकाला आज्ञा टाइप करून, एका ओळीत होते. पण ती ओळ लिहिण्याआधी आपल्या नावांचा नियम आपल्याला नेमका सांगता यावा लागतो. नियम बरोबर असेल तर यंत्र तो हजार वेळा बिनचूक पाळते. नियम चुकला, तर तीच चूक हजार वेळा, तितक्याच इमानाने करते. म्हणून या विषयावर सविस्तर बोलावेसे वाटले.

आधी नाव राहते कुठे ते पाहू. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली घडवायला सुरुवात केली. आजचे लिनक्स त्याच धाटणीवर उभे आहे. या रचनेत फाइलच्या आत तिचे नाव नसतेच. फोल्डर हा एक हजेरीपट असतो: एका रकान्यात नाव, दुसऱ्यात क्रमांक. मजकूर डिस्कवर कुठे आहे, ते त्या क्रमांकावरून सापडते. नाव बदलले की हजेरीपटातली नोंद बदलते, मजकूर जागचा हलत नाही. म्हणून चार ओळींचे पत्र असो की तीन तासांचा चित्रपट, नाव बदलायला वेळ लागतो तो सारखाच. फाइल दुसऱ्या डिस्कवर हलवायची असेल, तर मात्र ती कॉपी होते आणि मागची पुसली जाते.

नाव बदलण्याची युनिक्सची आज्ञा ‘एमव्ही’. १९७१च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेतही ती आहे. डॉस या दुसऱ्या प्रणालीतली तशी आज्ञा ‘रेन’. डॉसमध्ये * हे चिन्ह वापरून ‘सगळ्या .टीएक्सटी फाइली .बीएके करा’ असे सांगता येते, कारण * चा अर्थ ‘रेन’ स्वतः लावते. युनिक्समध्ये मात्र तो अर्थ शेल, म्हणजे आपल्या आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम, लावतो, आणि तोही आज्ञा सुरू होण्यापूर्वी. ‘एमव्ही’च्या हाती सहसा * पोहोचतच नाही, पोहोचते ती जुळलेल्या नावांची यादी. यादीत दहा नावे असतील तर ‘शेवटचे नाव फोल्डरचे नाही’ अशी तक्रार करून ती थांबते. पण फोल्डरमध्ये एकच .टीएक्सटी आणि एकच .बीएके असेल, तर पहिली फाइल दुसरीचे नाव घेते आणि दुसरीचा मजकूर जातो. पडद्यावर एक अक्षरही उमटत नाही. नवशिक्यांनी हा फरक पहिल्याच दिवशी समजून घ्यावा.

आता नियम सांगण्याची भाषा. स्टीफन क्लेनी या गणितज्ञाने १९५०च्या दशकात अक्षररचनांचे वर्णन करण्याची एक रीत मांडली. तिला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. १९६८ साली थॉम्पसनने ती मजकूर शोधण्यासाठी संगणकावर कशी राबवायची ते दाखवले. १९८७ साली लॅरी वॉलने पर्ल ही भाषा प्रसिद्ध केली आणि ती रीत घरोघरच्या संगणकांवर पोहोचली. पर्लवर आधारलेले ‘रीनेम’ डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर मिळते. त्याला आपण सांगतो: ‘स्कॅन’नंतर येणारे अंक पकड, चार घरे भरतील इतकी शून्ये आधी घाल, आणि ‘स्कॅन’च्या जागी दिवाळी अंकाचे वर्ष व ‘पान’ लिही. मग ‘स्कॅन ७’चे ‘१९५८-पान-०००७’ होते. त्या शून्यांमुळे पाने आपोआप ओळीने लागतात. तारीख घालायची असेल तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा, म्हणजे अक्षरक्रम आणि कालक्रम एकच होतात. फेडोरा या लिनक्सच्या प्रकारावर ‘रीनेम’ याच नावाचा निराळा, साधा प्रोग्रॅम असतो, तेव्हा आपल्याकडे कोणता आहे ते आधी पाहावे.

सगळ्यात मोठा धोका टकरीचा. अनेक कॅमेऱ्यांची मोजणी ९९९९पर्यंत जाते आणि पुन्हा ०००१पासून सुरू होते. दोन वर्षांचे फोटो एका फोल्डरमध्ये आणले की एकाच नावाचे दोन फोटो समोरासमोर येतात, आणि त्यातला एक जाऊ शकतो. दुसरी टक्कर क्रमाची. ४०व्या पानानंतरचे एक पान राहून गेले होते, ते आता सापडले, म्हणून पुढची सगळी पाने एकेकाने सरकवायची आहेत. ४१चे ४२ आधी केले तर मूळचे ४२ पुसले जाईल. म्हणून सुरुवात शेवटच्या पानापासून करायची. दोन पानांची अदलाबदल करायची असेल तर सहसा तिसरे, तात्पुरते नाव लागते.

मराठीत नावे ठेवणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. लिनक्सवर नावाची मर्यादा साधारणपणे २५५ बाइट असते, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘ज्ञानेश्वरी’ हा एकच शब्द ३३ बाइट घेतो. लांबलचक नावांना आणखी शब्द जोडताना ही मर्यादा आडवी येते. दुसरी गोष्ट ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतल्या ‘ऱ्य’ची. तो संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठवता येतो. पडद्यावर नावे तंतोतंत सारखी दिसतात, पण आत चिन्हांची मालिका वेगळी असते. एक प्रकार धरून लिहिलेला नियम दुसऱ्या प्रकारची नावे सोडून देतो, आणि काही पाने का राहिली हे कळत नाही. संग्रहात सर्वांनी एकच कीबोर्ड मांडणी वापरावी, हा आग्रह त्यासाठी.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: आधी पाहा, मग करा. पर्लच्या ‘रीनेम’ला ‘-एन’ जोडले तर ते काहीही न बदलता, कोणत्या नावाचे काय होणार ते फक्त दाखवते. हीच खूण ‘एमव्ही’ला दिली तर तिचा अर्थ वेगळा होतो: आधीची फाइल पुसू नकोस, बाकी काम कर. एका आज्ञेची सवय दुसरीला लावू नका. ‘रीनेम’ने दाखवलेली ही तालमीची यादी डोळ्यांखालून घाला, सुरुवातीची, मधली, शेवटची नावे तपासा आणि मूळ फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा, कारण कमांड लाइनवर केलेला बदल मागे घेण्याचे बटण नाही.

आणि काम झाल्यावर जुने नाव–नवे नाव अशी यादी व आपला नियम साध्या मराठीत एका फाइलमध्ये लिहून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. आज आपण करतो ते काम उद्या दुसरे कुणीतरी पुढे नेणार आहे. पुढच्या वर्षीचे अंक त्याला त्याच नियमाने लावता आले, तरच संग्रह एकसंध राहील.