मालमोटारीचा जीर्णोद्धार

जुनी मोटार म्हटली की डोळ्यांपुढे उभी राहते ती एखाद्या संस्थानिकाची झगमगीत गाडी. तिच्या दुरुस्तीला पैसा मिळतो, प्रदर्शनात तिला मानाची जागा मिळते. धान्याची पोती आणि बांधकामाचे दगड वाहून ज्या मालमोटारीची हाडे झिजली, तिच्या वाट्याला मात्र भंगाराचा बाजार येतो. क्वचित एखादा हौशी मालक तिला वाचवावयास निघतो आणि आरंभीच पेचात सापडतो. मूळचे इंजिन ठेवावे, तर त्याचे भाग मिळत नाहीत. नवे बसवावे, तर गाडी ‘जुनी’ राहिली नाही असे जाणकार म्हणतात. बंगळूरच्या जे. सी. रोडवर, मोटारींच्या सुट्या भागांच्या त्या प्रसिद्ध बाजारात, हरतऱ्हेचा भाग शोधता येतो. या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही दुकानात मिळणारे नाही. ते मालमोटारीच्या इतिहासातच शोधले पाहिजे.

या इतिहासाशी बंगळूरचा संबंध निकटचा आहे. भारतात मोटारींचा कारखाना निघावा यासाठी सर विश्वेश्वरय्या यांनी १९३०च्या दशकात योजना आखली. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली, आणि म्हैसूर संस्थानात हा कारखाना उभारण्याची खटपट झाली. ब्रिटिश सरकारचे पाठबळ मात्र लाभले नाही. डिसेंबर १९४०मध्ये वालचंदांच्या पुढाकाराने बंगळुरात विमानांचा कारखाना निघाला. मोटारींचे स्वप्न मुंबईकडे वळले. १९४४मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज व फार्गो मालमोटारी बाहेर पडू लागल्या.

त्या काळच्या अशा अनेक मालमोटारींत पेट्रोलचे इंजिन असे. पेट्रोल महाग आणि त्याचा खप मोठा. डिझेलवर तेवढाच माल कमी खर्चात जाई. म्हणून अनेक मालकांनी पेट्रोलचे इंजिन उतरवून तेथे पर्किन्सचे सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन बसवून घेतले. मद्रासच्या सिंप्सन कंपनीने १९५०च्या दशकात ही इंजिने येथेच बनविण्यास आरंभ केल्यावर हा मार्ग अधिकच सुकर झाला. कपाळावर नाव डॉजचे आणि पोटात इंजिन पर्किन्सचे, अशा गाड्या पुढे कित्येक वर्षे धावल्या. त्यांना कोणी भ्रष्ट म्हटले नाही. किंबहुना, इंजिन बदलले म्हणूनच त्या जगल्या. दरबारी मोटारीचे मूळपण तिच्या अक्षत राहण्यात असेल. मालमोटारीचे मूळपण तिच्या राबण्यात आहे.

तथापि, इंजिन बदलणे म्हणजे दिव्यातील वात बदलणे नव्हे. जुन्या मालमोटारींपैकी पुष्कळांत ब्रेकला जोर मिळे तो पेट्रोल इंजिनाच्या शोषणातून निर्माण होणाऱ्या निर्वाताचा. डिझेल इंजिनात तसा निर्वात निर्माण होत नाही. त्यासाठी स्वतंत्र पंप जोडावा लागतो. तो जोडला नाही, तर गाडी पूर्वीपेक्षा जोमाने धावेल, पण थांबविताना चालकाच्या पायाखेरीज ब्रेकला साह्य उरणार नाही. आधुनिक इंजिनाची पिळाची शक्ती जुन्या गिअरबॉक्सला आणि मागील आसाला पेलेलच असे नाही. डिझेल इंजिन वजनाला अधिक असेल, तर पुढचे पाटे दबतात आणि सुकाणू जड होते. म्हणून जाणता कारागीर इंजिनाआधी ब्रेकचा, आसाचा व पाट्यांचा विचार करतो. बंगळुराहून मंगळुराकडे निघालेली गाडी साकलेशपूर सोडून शिराडी घाट उतरू लागली, की तिची खरी परीक्षा इंजिनाची नसते, ब्रेकची असते.

दुसरी परीक्षा कायद्याची. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेले तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन बदलावयाचे तर नोंदणी अधिकाऱ्याची संमती हवी. यात सार्वजनिक सुरक्षिततेचा हेतू आहे, आणि तो योग्यच आहे. २०२१मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. परंतु ते दुचाकींना आणि खाजगी प्रवासी मोटारींनाच लागू आहेत, आणि त्यांतही इंजिन व सांगाडा मूळचाच असावा अशी अट आहे. मालमोटार या व्याख्येत मुळी येतच नाही. जिने देशाचे धान्य वाहिले, तिच्यासाठी वारशाच्या वहीत पान नाही.

हे पान उघडावयाचे, तर काही पथ्ये मालकांनीही पाळली पाहिजेत. उतरविलेले इंजिन भंगारात न घालता तेल लावून जपावे. सांगाड्यावरील क्रमांक घासून टाकू नये. कोणता भाग केव्हा आणि का बदलला, याची नोंद ठेवावी. शक्यतो चासीला नवी भोके न पाडता इंजिन बसवावे. म्हणजे पुढच्या पिढीला वाटल्यास जुने पुन्हा चढविता येईल. शासनानेही अशा गाडीच्या ब्रेकची व सुकाणूची कसून तपासणी करावी, आणि ती उतरल्यास मर्यादित वापराची मुभा द्यावी.

वाड्याची कुजलेली तुळई बदलली म्हणून वाडा परका होत नाही. मात्र नवी तुळई छताचा भार पेलणारी असावी लागते, आणि ती नवी आहे हे लपवावयाचे नसते. मालमोटारीच्या जीर्णोद्धाराला याहून वेगळा न्याय नको. तिच्या पोटात इंजिन कोणते, हा प्रश्न दुय्यम आहे. घाटात ती भरवशाने थांबते काय, आणि आपल्या फेरफारांचा हिशेब खरा सांगते काय, हे पाहिले म्हणजे पुरे.